जुन्या एमजीबीचा क्लच गळतोय: वरचा सिलिंडर की खालचा?

वाडातरकर, देवगड

नमस्कार मंडळी. गाडी १९७२ ची एमजीबी, कापडी टपाची दोन सीटर, स्टिअरिंग उजव्या हाताला. मामांची होती. मामा गेल्यावर मामीने "सोसायटीत पार्किंगवरून रोजची कटकट नको, तू घेऊन जा" म्हणून माझ्याकडे पाठवली. आता आंब्याच्या पेट्या ठेवतो त्या मांगरात तिचा मुक्काम. इंजिन झकास आहे, चोक ओढला की लगेच सुरू होतं. दुखणं आहे क्लचचं.

सकाळी पहिल्यांदा पेडल दाबलं की थेट तळाला जातं, पायाला काही लागतच नाही. चार-पाचदा पंपिंग केलं की वर येतं, गिअर पडतो. मग चालवत राहिलो तर ठीक, जरा उभी केली की पुन्हा तेच. रिव्हर्स टाकताना असा खर्रर्र आवाज करते की शेजारी बाहेर येऊन बघतात. क्लचच्या डब्यात आठवड्याला बोटभर ऑईल घालावं लागतं.

गुहागरला लग्नाला निघालो होतो. जयगडहून फेरीत चढलो तोवर सगळं ठीक होतं, तवसाळला उतरताना पहिला गिअर पडेचना. मागे दोन टेम्पो, एक वडाप, सगळे हॉर्नवर हात ठेवून. शेवटी फेरीवरच्या पोरांनी ढकलून धक्क्यावर काढली. तेव्हापासून तालुक्याबाहेर नेलेली नाही.

गोंधळ असा की ओलं दोन्हीकडे दिसतंय. पेडलखालचं मॅट एका कोपऱ्यात चिकट झालंय, आणि पेडलचे दांडे जिथून वर जातात तिथला रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटलेत. शिवाय गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाखाली जमिनीवर डाग पडतो. तो इंजिन ऑईलचा की क्लचचा, ओळखता येत नाही. सारवलेल्या जमिनीवर सगळे डाग सारखेच.

दोन गॅरेजवाल्यांना दाखवलं. एक म्हणाला प्लेट गेली, इंजिन उतरवावं लागेल. दुसरा म्हणाला वरचा (पेडलजवळचा, मास्टर) आणि खालचा (गिअरबॉक्सजवळचा, स्लेव्ह) असे दोन्ही सिलिंडर काढून जीपचे बसवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. मला दोन्ही पटलं नाही. मी स्वतः पाने हाताळतो, बागेतला फवारणीचा पंप आणि बुलेट दोन्ही घरीच उघडतो. पण हायड्रॉलिकला कधी हात लावलेला नाही. आधी कुठला सिलिंडर उघडू? रबर किटने भागेल की सिलिंडरच नवा लागेल? आणि एकट्या माणसाला एअर काढता येते का? बायको पेडल दाबायला बसते, पण "दाब", "सोड" एवढ्या दोन शब्दांवर आमचं भांडण होतं.

चौथा गिअर, पुणे

पंपिंग केल्यावर पेडल वर येतंय ना? मग प्लेटचा विषय संपला. प्लेट गेली असती तर गाडी चढावर रेस घेऊन जागच्या जागी ओरडली असती, पेडल तळाला गेलं नसतं. एमजीबीची क्लचप्लेट बदलायला इंजिन उतरवावं लागतं हे मात्र खरं आहे, म्हणूनच असल्या निदानावर लगेच विश्वास ठेवायचा नाही.

माझं मत सरळ आहे. या गाडीचे सगळे पार्ट इंग्लंडात आजही नवे मिळतात. दोन्ही सिलिंडर आणि होज मागवा, ड्युटी भरा, विषय संपवा. किट-बिट करत बसू नका.

आणि पुन्हा कधी फेरीत अडकलात तर इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका आणि गिअरमध्येच स्टार्टर मारा. दोन हिसके बसतात आणि गाडी चालू लागते. पुढे माणूस, म्हैस किंवा खाडी नाही एवढं बघा.

मिरकरवाडा फिटर, रत्नागिरी

वाडातरकर, त्या जीपवाल्याकडे गाडी नेऊ नका. का ते खाली सांगतो.

मी जन्मभर मच्छीमार बोटींची इंजिनं उघडली. एमजीबीशी ओळख झाली ती ॲम्बेसेडरमुळे. दोन्हींत इंजिन एकाच घराण्यातलं, बी सिरीज. ॲम्बेसेडरमध्ये १४८९ सीसीचं, तुमच्यात १७९८ चं. बंदरावरच्या एका गृहस्थांकडे तुमच्यासारखीच गाडी होती. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं म्हणून ती माझ्याकडे यायची, त्यामुळे तिचे नखरे माहीत आहेत.

आधी डाग ओळखा. खाली पांढरा पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी त्यावरचा थेंब बोटाने उचलून वाटीभर पाण्यात सोडा. इंजिन ऑईल पाण्यावर तरंगतं, रंगीत तवंग येतो. ब्रेक ऑईल (क्लचच्या डब्यातही तेच असतं) पाण्यात विरघळून जातं. बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या क्लचच्या कवचाच्या, तळाला एक भोक असतं, त्यात एक स्प्लिट पिन नुसती लोंबत असते. भोक बुजू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते, काढून टाकू नका. तिच्यावरून टपकणारं बहुधा इंजिनाचंच असतं आणि थोडंफार टपकणं या इंजिनाला शोभतं. मग खालच्या सिलिंडरच्या रॉडवरचा रबरी बूट बोटाने मागे सारा. आतून ऑईल ओघळलं तर स्लेव्हचा निकाल लागला. वरच्याचा निकाल तुम्हीच लिहिलाय: पेडलबॉक्सचा रंग फुगलाय. ब्रेक ऑईल रंग खातं. रंग गेलाय म्हणजे मास्टर गळतोय, आणि तोही बरेच दिवस. काम करताना बॉनेटवर, मडगार्डवर थेंब पडला तर पुसत बसू नका, बदाबदा पाणी ओता. पुसलं की पसरतं.

म्हणजे दोन्ही गेलेत. मला त्यात नवल वाटत नाही. कोकणात उभ्या राहिलेल्या गाडीत दोन्हीच जातात.

गळती आपल्याला दिसते, पण मूळ दुखणं पाण्याचं. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा ओढून घेतं. डब्याच्या झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक असतं, होजच्या रबरातूनही ओल आत शिरते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑईलचा उकळबिंदू डबा फोडल्यावर किमान २३० अंश असावा लागतो, पाणी प्यायलेल्याचा किमान १५५. ब्रेकला त्याची काळजी करायची. क्लच काही तापून उकळत नाही, त्याचं मरण गंजाने येतं. सिलिंडर बिडाचे आहेत. पाणी प्यायलेलं ऑईल सगळ्यात खाली, म्हणजे स्लेव्हमध्ये, न हलता पडून राहतं आणि बोअरला गंज धरतो. चालत्या गाडीत रबर रोज तोच रस्ता घासत राहतं, तो भाग चकचकीत राहतो. गाडी चार महिने पावसाळ्यात मांगरात उभी राहिली की पिस्टनच्या पुढे गंजाचं कडं तयार होतं. दसऱ्याला तुम्ही हौसेने पेडल दाबता आणि रबराची नाजूक कड त्या खरबरीत कड्यावरून जाते. झालं काम. मग नवीन किट टाकलं तरी ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, आणि लोक म्हणतात किट डुप्लिकेट होतं.

म्हणून बोअर बघितल्याशिवाय किटबद्दल मी बोलणार नाही. सिलिंडर उघडा, स्पिरिटने धुवा, कापडाने कोरडा करा, टॉर्च मारा. मग काडीने नव्हे, नखाने बोअर चाचपा. नुसता रंग बदललाय, नखाला काही लागत नाही, तर हलकं होनिंग (आतून बारीक घासणं) करून किट टाका. नख कुठेही अडकलं तर किटचे पैसे वाया. धुण्यासाठी स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑईल, बस. डिझेलच्या डब्यात सगळं बुचकळायची आपल्या लोकांना सवय आहे. डिझेल, रॉकेल, पेट्रोल लागलं की या जातीचं रबर फुगतं.

आता जीपचा सिलिंडर. तुमच्या गाडीत वरचा बोअर पाऊण इंच, खालचा सव्वा इंच. क्षेत्रफळाचा हिशोब केलात तर खालचा वरच्याच्या जवळपास २.८ पट. म्हणजे पेडलने वरचा रॉड २.८ मिलिमीटर सरकला की खालचा १ मिलिमीटर सरकतो. क्लच नीट सुटायला खालच्या रॉडला अर्धा इंच तरी सरकावं लागतं. वर जरा लहान बोअरचा सिलिंडर लावलात तर पेडल लोण्यासारखं मऊ आणि गिअर पडणार नाही. मोठा लावलात तर गिअर पडेल, पण चिपळूणपर्यंत जाईतो गुडघा राहणार नाही. आटे जुळले, बोल्ट बसले म्हणजे पार्ट जुळला असं नसतं.

याच हिशोबातली आणखी एक गोष्ट, जी कोणी बघत नाही. मास्टरचा रॉड पेडलला एका पिनने जोडलेला असतो. ती पिन काढा. मधोमध खाच पडलेली दिसेल, आणि पेडलमधलं गोल भोक लांबुळकं झालेलं असेल. तिथे तीन मिलिमीटर ढिलाई असेल तर खाली एक मिलिमीटर गेलाच. शिवाय स्लेव्हच्या रॉडची पिन, क्लच दाबणाऱ्या फोर्कचं भोक, फोर्कचा बुश. असं थोडं थोडं करत सगळी चाल खाऊन टाकतात, आणि दोन नवे सिलिंडर लावूनही रिव्हर्स ओरडतो. पिना चारआण्याच्या वस्तू आहेत, त्या बदलाच. पेडलचं भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडून घ्या.

होजही बदला. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून बंद होतो. मग ऑईल जोराने खाली जातं पण परत येत नाही, क्लच अर्धवट दाबलेला राहतो. या गाडीत क्लचला टेकून तो दाबणारं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे, सतत घासलं की पटकन झिजतं, आणि ते बदलायला पुन्हा इंजिन बाहेर. त्याच कारणाने सिग्नलला, फाटकाला पेडलवर पाय ठेवून बसायचं नाही.

काढताना इंचाचे पाने घ्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना त्यावर बसतो आणि नेमका जोर लावताना कोपरे गोल करतो. पाइपच्या नटांना तर मिलिमीटरचा पाना दाखवूही नका. होज पिळायचा नाही. आधी बॉडीवरच्या ब्रॅकेटपाशी लोखंडी पाइप सोडवा, होज मोकळा करा, मग सिलिंडरमधून फिरवून काढा. मध्ये तांब्याचा वॉशर असतो, तो नवा टाका.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना: गाडीखाली चिरा लावून झोपायचं नाही. जांभा दिसतो भक्कम, पण एका टोकावर वजन आलं की भुगा होतो. लोखंडी स्टँड, आणि मांगराची जमीन मऊ असेल तर स्टँडखाली जाड फळी.

दर्यावर्दी, मालवण

मी जीप चालवतंय, एमजीबी नाय, पण क्लच तो क्लच. तुमी त्या ब्रेक ऑईलाच्या नादाक लागा नको. पाणी धरता तां. आमच्या जेटयेर बोटीच्या स्टेरिंगाक हायड्रॉलिक तेल घालतत, तां घाला. गंज येवचो नाय, रंग जावचो नाय. माझ्या चुलत भावान घातल्यान.

मिरकरवाडा फिटर, रत्नागिरी

दर्यावर्दी, त्या भावाला विचारा की पावसाळ्यानंतर जीप कोणी ढकलली. बोटीच्या स्टिअरिंगचं तेल खनिज तेल आहे आणि त्यातली सीलं त्या तेलासाठीच बनवलेली असतात. ब्रेक-क्लचच्या सिलिंडरात ते घातलं की रबर फुगून बोअरमध्ये अडकून बसतं. एकदा तसं झालं की नुसतं तेल बदलून सुटका नाही. मास्टर, स्लेव्ह, होज, प्रत्येक रबर फेकावं लागतं.

पाणी न धरणारं ऑईल आहे, त्याला डॉट ५ म्हणतात, ते सिलिकोनचं. डॉट ५.१ वेगळं, नावावर जाऊ नका, ते डॉट ४ च्याच जातीचं. सिलिकोन रंग खात नाही, ओल ओढत नाही, उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी बरेच जण वापरतात. मला मात्र ते फारसं आवडत नाही. जुन्या ऑईलमध्ये मिसळत नाही, त्यामुळे सगळं नवं आणि कोरडं असेल तरच घालायचं. शिवाय पाणी कुठूनतरी आत आलंच तर त्यात विरघळत नाही, थेट तळाला जाऊन बसतं आणि एकाच ठिकाणी भोक पाडतं. बारीक बुडबुडेही धरून ठेवतं. साधं डॉट ४, लहान डबा, सील स्वतः फोडायचं, उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नाही.

वाडातरकर, देवगड

फिटरकाका, आभार. सगळं उघडलं.

वाटीचा प्रयोग केला. पुठ्ठ्यावर दोन डाग होते. मागचा इंजिनाचा निघाला, तवंग आला. बाजूचा पाण्यात नाहीसा झाला.

स्लेव्ह काढताना बूट मागे केला तर हातावर कॉफीच्या रंगाचं पाणी आलं, ऑईल म्हणवत नव्हतं. पिस्टन बाहेर येईना. शेवटी होजच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा मारली, सिलिंडर फडक्यात गुंडाळून. फट् करून सुटला आणि मागोमाग चॉकलेटी चिखल. तळात अर्ध्या बोअरला गंजाचा पट्टा आहे. तुम्ही म्हणता तसं कडं नाही, खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा, जिथे पाणी साचून होतं तेवढाच. नख अडकतं. मास्टरमध्ये गंज कमी आहे, पण पुढच्या टोकाला तीन-चार टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आहेत.

पेडलची पिन बघून मी दोन मिनिटं हसत होतो. मधोमध इतकी झिजलीय की कंबर दिसते. पेडलचं भोक भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचं.

आता प्रश्न: स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये आतून नवी नळी, घालून घेऊ का? कुडाळ एमआयडीसीत एक लेथवाला तयार आहे. की चौथा गिअर म्हणतात तसे दोन्ही नवेच?

मिरकरवाडा फिटर, रत्नागिरी

स्लेव्हला स्लीव्ह घाला, मास्टर नवा घ्या. स्लेव्ह म्हणजे सरळ नळकांडं आहे. बोअर वाढवायचा, स्टेनलेसची किंवा पितळेची स्लीव्ह लॉकिंग लिक्विड लावून दाबून बसवायची, आतून सव्वा इंचाला आणून होनिंग करायचं. एअर काढायच्या निप्पलचं आणि होजचं भोक स्लीव्हने झाकलं जात नाही ना, एवढं बघायला सांगा. बोटीच्या पंपांना स्लीव्ह घालणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. आणि स्टेनलेसला पुन्हा गंज धरत नाही, आपल्या हवेत नव्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा बरंच.

मास्टरची गोष्ट वेगळी. त्याच्या बोअरमध्ये डब्यातून येणारी दोन भोकं असतात, त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. पेडल सोडलं की रबराची कड त्याच्या मागे यायला हवी, तरच डब्याशी संबंध जोडला जातो. स्लीव्ह घातली की ते भोक नेमक्या जागी पुन्हा पाडायचं आणि आतून त्याची कुसं काढायची. एक कुस राहिली तरी ती प्रत्येक दाबाला रबर कापते. हे करणारे लोक आहेत, पण ओळखीचा नसेल तर नको. नवा बसवल्यावर पेडल आणि रॉड यांत थोडा मोकळा खेळ ठेवा. रॉड पिस्टनला कायम टेकून राहिला तर ते बारीक भोक उघडतच नाही.

तुमच्या गाडीत दोन डबे शेजारी शेजारी आहेत. इंजिनाकडचा क्लचचा, मडगार्डकडचा ब्रेकचा. ब्रेकच्या डब्यातलं ऑईलही त्याच वयाचं आहे, हे मी न सांगताच कळलं असेल.

रोहिणी, अलिबाग

माझ्याकडे बाबांची ट्रायम्फ स्पिटफायर आहे. तिचा क्लचही हायड्रॉलिकच, आणि आमच्याकडची समुद्राची हवा काही वेगळी नाही. एअर काढण्याबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही म्हणून मी लिहिते. या सिस्टिममध्ये पाइप मास्टरकडून निघून वळणं घेत खाली येतो आणि बुडबुडे कुठल्यातरी उंच वळणात अडकतात. वरून पेडल मारत बसलं तर बुडबुडा थोडा खाली येतो, पेडल सोडलं की परत आपल्या जागी. हवेला वर जायचंय, तर तिला वरच जाऊ द्या.

जनावरांच्या डॉक्टरकडे मोठी सिरिंज मिळते, ५० किंवा १०० मिलीची. सलाईनच्या नळीचा तुकडा घ्या, स्लेव्हच्या निप्पलवर घट्ट बसतो. सिरिंजमध्ये ताजं ऑईल भरा, नळी पूर्ण भरेपर्यंत दाबा म्हणजे तिच्यातलीच हवा आत जाणार नाही. निप्पल पाऊण आटा सैल करा आणि हळूहळू दाबा. घाई केली तर निप्पलच्या आट्यातून बाहेर येतं. वरच्या डब्यात आधी तळाला थोडंसंच ऑईल ठेवा, नाहीतर भरून वाहील आणि मग तो रंगाचा तमाशा. डब्यात टॉर्च मारून बघितलं तर बुडबुडे येताना दिसतात. आधी मोठे ढेकर, मग बारीक साखळी, मग काही नाही. निप्पल बंद. एकट्याने होतं, घरात शांतता राहते.

तरीही पेडल जरा मऊ वाटलं तर स्लेव्ह बोल्टवरून सोडवा, निप्पल वरच्या बाजूला येईल असा तिरका धरा आणि पिस्टन हाताने पूर्ण आत ढकला. आतलं ऑईल हवेसकट वर डब्यात जातं. त्या वेळी पेडलला कोणी पाय लावला तर पिस्टन बाहेर उडेल, म्हणून मी सीटवर "हात लावू नये" असा कागद ठेवते.

निघालेलं जुनं ऑईल विहिरीच्या आसपास किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑईलच्या पिंपात ते चालत नाही, वेगळ्या बाटलीत ठेवा.

चौथा गिअर, पुणे

रोहिणीताई, सिरिंज झकास. मी इतकी वर्षं दोन माणसं लावून करतोय. स्लीव्हबद्दल फिटरकाकांशी वाद घालत नाही, पण नवा स्लेव्ह आणि स्लीव्हची मजुरी यांत फार फरक पडणार नाही, कुरिअर एकच आहे.

मिरकरवाडा फिटर, रत्नागिरी

पैशात नसेल पडत. गंजात पडतो.

वाडातरकर, देवगड

काम झालं, म्हणजे जवळजवळ.

मास्टर आणि होज मागवले. स्लेव्हला कुडाळला स्टेनलेसची स्लीव्ह घातली. लेथवाल्याने आधी विचारलं की कुठल्या पंपाचा आहे हा, गाडीचा म्हटल्यावर गाडी बघायला मांगरात आला. होनिंग इतकं सुरेख केलंय की आत तोंड दिसतं. पेडलचं भोक भरून पाडलं, दोन्ही पिना नव्या. मास्टर काढताना खालचा एक बोल्ट हाताला लागत नव्हता, शेवटी डोकं पेडलपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर अशा अवस्थेत सुटला. पेडलबॉक्स बाहेर काढून खरवडून रंगवला तेही बरं झालं, पत्रा एका कोपऱ्यात पातळ होत आला होता.

रोहिणीताई, सिरिंजने एका बैठकीत एअर निघाली. बुडबुडे तुम्ही लिहिलंत तस्सेच आले, आधी ढेकर आणि मग साखळी. पशुवैद्यांनी विचारलं कुठली गाय आजारी आहे.

पेडल आता वरूनच पकडतं. स्लेव्हच्या रॉडवर खडूची खूण करून चाल मोजली, साडेबारा मिलिमीटर भरली. पाचही गिअर... म्हणजे चारही लोण्यातून जावे तसे जातात. फक्त रिव्हर्स अजून कधीकधी खर्र करतो, सकाळी थंड इंजिनावर जास्त. अजून हवा राहिली असेल का?

मिरकरवाडा फिटर, रत्नागिरी

साडेबारा भरतेय ना, मग हवा नाही. हायड्रॉलिकला आता हात लावू नका.

तुमच्या गिअरबॉक्सला पुढच्या चारही गिअरना सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून घेणारी कडी) आहे, रिव्हर्सला नाही. पेडल दाबल्यावर आतला शाफ्ट लगेच थांबत नाही, फिरत राहतो, आणि तेवढ्यात तुम्ही रिव्हर्स घालता. थंडीत चोक ओढलेला असतो, इंजिन जास्त फिरतं, म्हणून तेव्हा जास्त ओरडतो. पेडल दाबून दोन-तीन आकडे मोजा. नाहीतर पेडल दाबलेलंच ठेवून आधी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरला टेकवा, त्याचा सिंक्रो शाफ्टला थांबवतो, मग सरळ रिव्हर्स. आयडलिंगही बघा, हजाराच्या वर असेल तर कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा मागे घ्या. दोन कार्ब्युरेटर आहेत, दोन्ही सारखे.

थोडे दिवसांनी स्लेव्हचा बूट पुन्हा एकदा मागे सारून बघा, आत कोरडं असलं पाहिजे. आणि पावसाळा संपला की दरवर्षी सिरिंजने ताजं ऑईल खालून वर काढा.

वाडातरकर, देवगड

दुसऱ्या गिअरला टेकवून रिव्हर्स टाकला. अजिबात आवाज नाही. आयडलिंग बाराशे होतं, खाली आणलं. बूट कोरडा आहे. शनिवारी फोंडा घाटाने कोल्हापूरला जातोय, ब्रेकचं ऑईल त्याआधी काढतो.

दर्यावर्दी, मालवण

वाडातरकरांनू, त्या कुडाळच्या लेथवाल्याचो नंबर हय सगळ्यांसमोर घालू नको, माका वेगळो मेसेज करा. भावाची जीप मांगरात उभी असा.